सरांचा निळा

आमच्या घरात निळा रंग बादलीत असायचा. रविवारी सकाळी आई मोरीत बसून बाबांचे पांढरे शर्ट, पांढरे लेंगे आणि तिची स्वतःची कार्यक्रमाची पांढरी साडी धुवायची आणि शेवटच्या पाण्यात नीळ टाकायची. नीळ जास्त झाली तर कपड्यांवर डाग पडतात, कमी झाली तर पांढरं पिवळट दिसतं. आई ओंजळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरायची, मान हलवायची आणि मगच शर्ट बुडवायची. त्याच वेळी आतल्या खोलीत बाबा ढोलकीच्या दोरीतल्या कड्या सरकवत बसलेले असायचे. एक थाप, मग कडी, मग पुन्हा थाप. बाबा वाशिमकडचे, खडकीच्या कारखान्यात कामाला, आणि रविवारचे गायन पार्टीचे ढोलकीवाले. भीमजयंतीच्या आधी महिनाभर आमच्या दापोडीच्या दोन खोल्यांत बसायला जागा नसायची, कारण जमिनीवर निळ्या कागदाच्या पताका वाळत पडलेल्या असायच्या. खळ लावून लावून आम्हा पोरांची बोटं निळी व्हायची आणि त्याच बोटांनी आम्ही भाकर खायचो. निळा म्हणजे आमच्याकडे आवाज होता, गर्दी होती, नवे कपडे होते. निळा रंग गप्पही बसू शकतो, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी मी बी. ए. झाले. मराठी घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे हे मी जिथे संधी मिळेल तिथे लिहिते आणि इथेही लिहिलं आहे. निकालाच्या दिवशी बाबांनी गल्लीत पेढे वाटले ते ठीक. पण पुढचे कितीतरी दिवस ते माझी ओळख करून देताना नावाच्या आधी डिग्री सांगायचे. किराणा दुकानदारालासुद्धा. त्याला माझं नाव मी रांगत होते तेव्हापासून माहीत होतं.

नोकरी मात्र मिळत नव्हती. अशात कॉलेजच्या फलकावर हाताने लिहिलेला एक कागद दिसला. ‘गिटारवादनाच्या कॅसेटसाठी मराठी लिहिणारी व्यक्ती पाहिजे. संगीताचे ज्ञान असलेल्यांनी येऊ नये.’ खाली नारायण पेठेतला पत्ता. पुण्यात पाट्या वाचून माणूस घाबरतो किंवा हसतो. मी हसले आणि गेले. संगीताचं ज्ञान नसणं ही माझी पात्रता ठरलेली ती आयुष्यातली एकच जागा.

पुस्तकं बांधणाऱ्या एका कारखान्याच्या वर ती खोली होती. भिंतींना गोधड्या लटकवलेल्या, खिडक्यांच्या फटींत कापूस, मध्ये एक खुर्ची, समोर माइक. खुर्चीवर शिरीष सर. पस्तिशीचे, बारीक, उजव्या हाताची नखं बायकांसारखी वाढवलेली. ते मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ‘अहो वंदना’ म्हणाले. त्यांनी काम समजावून सांगितलं. आठ रंगांवर आठ धुनी त्यांनी बांधल्या होत्या, फक्त गिटारवर, तीही लाकडी, विजेची नव्हे. गाणं नाही, तबला नाही, शब्द नाहीत. कॅसेटच्या आत जो घडीचा कागद असतो, त्यावर प्रत्येक रंगाखाली चार ओळी हव्या होत्या. पण त्या ओळी ऐकून लिहिलेल्या हव्यात, रंगाचं नाव वाचून नकोत. म्हणून पद्धत अशी की मी डोळे मिटून बसायचं, सर धून वाजवणार, रंग सांगणार नाहीत. मला जो दिसेल तो रंग मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात द्यायचा. जुळला तर ओळी लिहायच्या. नाही जुळला तर का नाही, ते शोधायचं.

घरी हे सांगितलं तेव्हा आईने भाकरी थापता थापता विचारलं की डोळे मिटून बसायचा पगार देतात का. बाबांना मात्र वेगळीच शंका होती. शब्दच नाहीत तर ते गाणं कोणाबद्दल आहे, हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? त्यांच्या पार्टीत पहिल्या कडव्यातच सगळं सांगून मोकळे होत. तो प्रश्न घेऊनच मी रोज बसने नारायण पेठेत जायला लागले.

ते दिवस आठवले की अजून मजा वाटते. पंखा बंद, कारण पंखा माइकला ऐकू येतो. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला. शेजारच्या घरात साडेदहाला कुकर लागायचा. तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघं थांबायचो आणि तिसरी झाली की सर गिटार पुन्हा मांडीवर घ्यायचे. पहिली धून ऐकली तेव्हा मला काहीच दिसलं नाही. दुसऱ्यांदा ऐकल्यावर दाताखाली लिंबाची बी आल्यासारखं झालं, म्हणून मी भीत भीत ‘पिवळा’ लिहिलं. सरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, पुढे. नंतर मीच त्यांच्या मागे लागले की हे होतं कसं, दाखवा. त्यांनी दाखवलं. तीच तार गिटारच्या भोकावर छेडली तर आवाज गोल येतो, ओलसर. ती जागा हिरव्याची. चार बोटं सरकून टोकाशी, जिथे तारा लाकडाला बांधलेल्या असतात तिथे नखाने छेडली, की आवाज टोकदार, पिवळा. तपकिरीसाठी त्यांनी तारांखाली हातरुमालाची घडी सरकवली होती, म्हणून आवाज मातीवर चालल्यासारखा दबका. काळ्यासाठी सगळ्यात जाड तार इतकी सैल सोडली होती की ती वाजण्याआधी थरथरलेली डोळ्यांना दिसायची. मी हे सगळं वहीत लिहून घ्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं, पण मला राहवत नव्हतं. बसमध्ये घरी येताना प्रत्येक आवाजाला रंग लावायचा नाद लागला. कंडक्टरचा चिमटा पिवळा, कारखान्याचा भोंगा तपकिरी, आईचा तवा काळा.

लालाला मी केशरी म्हणाले, जांभळ्याचं तर काहीच सांगता आलं नाही. बाकी जुळत गेले. सर खूश होते, तसं तोंडाने म्हणत नसले तरी चहा दुसऱ्यांदा सांगायचे. एक दिवस ते म्हणाले की कागदावर खाली माझं नाव छापणार. मी लगेच म्हटलं, पूर्ण नाव, वंदना भगवान इंगळे, बी. ए. सर म्हणाले, गिटारच्या कॅसेटवर डिग्री कोण छापतं हो? मी म्हटलं, मी. घरी सांगितल्यावर बाबा सदरा चढवून बाहेर पडले. परत आले तोपर्यंत अर्ध्या दापोडीला कळलं होतं की इंगळेच्या पोरीचं नाव छापून येतंय.

आठवी धून मी ऐकली ती एका बुधवारी. संथ होती. वरून खाली उतरत यायची, थांबायची, पुन्हा तिथूनच उतरायची. दोन सुरांच्या मध्ये इतकी जागा की मला वाटलं सर वाजवायचं विसरले. मी चिठ्ठीवर ‘राखाडी’ लिहिलं. सरांनी ती बघितली आणि म्हणाले, जवळपास आलात, हा निळा आहे. उदास आहे हे कळलं ना तुम्हाला, बास. आता चार ओळी लिहा, सोमवारी कागद छापायला जायचाय.

चार ओळी मला आल्या नाहीत. गुरुवारी आल्या नाहीत, शुक्रवारी नाहीत. लिहिता येत नव्हतं असं नाही. उदास संध्याकाळ, लांबचा डोंगर, असलं काहीही मी दहा मिनिटांत खरडलं असतं. पण त्याच्या खाली माझं नाव येणार होतं. आमचं नाव असलेला पहिला छापील कागद, आणि त्यावर मी लिहिणार की निळा म्हणजे दुःख? बाबा तो कागद गायन पार्टीत नेऊन दाखवणार होते. आणि लिहिलं नाही तर सर दुसरं कोणी बघणार, नाव त्याचं छापणार, आणि मी अर्ध्या दापोडीला काय सांगू? शुक्रवारी दुपारी सरांनी कोरा कागद पाहिला तेव्हा मी सांगून टाकलं की हा निळा मला पटत नाही.

सर हसले. म्हणाले, “अहो वंदना, निळा उदास असतो हे सगळ्या जगाला माहीत आहे.”

“जगाला असेल,” मी म्हटलं, “दापोडीला माहीत नाही.”

माझ्या तोंडून हे कसं गेलं कोण जाणे. मला वाटलं, झालं, आता फलकावर नवा कागद लागणार. पण सरांनी गिटार बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. लालाला मी केशरी म्हटलं होतं तेव्हा बघत होते तसे. मग म्हणाले, दाखवा मग तुमचा निळा. मी म्हटलं, रविवारी घरी या.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की सर ऐकायला येणार आहेत. माझी चूक ही की काय ऐकायला, ते सांगितलं नाही. बाबांनी ऐकलं ते असं: रेकॉर्डिंगवाले साहेब पार्टीचं रेकॉर्डिंग करायला येतायत. रविवारी दहा वाजता आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं नीळ दिलेले कडक पांढरे कपडे आणि गळ्यात निळे दुपट्टे घालून बसली होती. पेटीवाल्या काकांनी दाढी केली होती, जी ते लग्नालासुद्धा करत नसत. दारात गल्लीतली बायका-पोरं. शिरीष सर पाठीला गिटार लावून स्कूटरवरून उतरले, तर काकांनी त्यांच्या मागे बघत विचारलं, मशीन मागून येतंय का साहेब? मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या सहा पांढऱ्या शर्टांकडे, आणि म्हणाले की आज नुसते कान आणलेत. बाबांनी जयभीम करून त्यांना भिंतीशी, दोन फोटोंच्या खाली बसवलं. आईने पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ग्लासाकडे बघत राहिली. सर सगळं पाणी प्यायले आणि त्यांनी आणखी मागितलं. हे एवढं मी का लिहिते आहे ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आई पुढे आयुष्यभर सरांचा विषय निघाला की आधी हेच सांगायची, दोनदा पाणी मागितलं त्यांनी.

मग पार्टी सुरू झाली. रेकॉर्डिंग नसलं म्हणून काय झालं, कपडे घातले होते. बाबांची पहिली थाप पडली आणि छपराचा पत्रा वाजला. चार गाणी झाली, एकाहून एक चढती. दारातल्या बायका टाळ्या धरून गात होत्या, पोरं नाचत होती. सर गिटार मांडीवर आडवी ठेवून बसले होते. दुसऱ्या गाण्यात त्यांनी दोन-तीनदा तारांना हात लावला, पण ढोलकीत शिरायला त्यांना फट सापडली नाही, मग हात काढून घेतला. माझ्या मनात काय होतं, खरं सांगते: बघा आता, हा निळा. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचून तुम्ही उदास ठरवलात तो हा.

चौथं गाणं संपलं. बाबांनी पंच्याने मान पुसली आणि म्हणाले, आता तुमचं होऊ द्या साहेब. सरांनी त्यांचा निळा वाजवला. पंखा मी बंद केला, सवयीने. ती धून मी सात-आठ वेळा ऐकली होती, पण माइकशिवाय, इतक्या माणसांत पहिल्यांदाच. दारातली पोरंसुद्धा गप्प झाली. वरून खाली उतरत यायची, थांबायची, पुन्हा तिथूनच उतरायची. बाबांचा उजवा हात ढोलकीवर नुसता ठेवलेला होता. धून संपली तसे बाबाच बोलले.

“कोण गेलं साहेब तुमचं?”

सर खाली बघत गिटारची एक खुंटी पिळत राहिले. मग म्हणाले, आई. दवाखान्यात तीन आठवडे होती. वॉर्डाची भिंत खांद्याएवढी निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली होती आणि ते रोज खाटेशी बसून त्या भिंतीकडेच बघायचे, कारण आईकडे बघवत नव्हतं. पोपडे कुठे कुठे धरलेत ते अजून सांगू शकतो म्हणाले. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी आपल्या कोरड्या आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्या जगाला माहीत नाही, मलाच माहीत होतं.

मी मान वर केली नाही. तीन महिने हा माणूस मला विचारत होता की तुम्हाला काय ऐकू येतं, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही हे कुठून आणलंत. बी. ए. झालेल्या मला पुस्तक दिसलं. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापाला माणूस दिसला. आणि मी रोज बसमध्ये जो प्रश्न घेऊन जात होते, शब्द नसले तर ऐकणाऱ्याला कळणार कसं, त्याचं उत्तर ज्याने प्रश्न विचारला होता त्यानेच देऊन टाकलं. पण बाबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ते आईला ओरडून सांगत होते की पानं घे. आईने पाटवडीचा रस्सा केला होता, आमच्याकडचा, वर बोटभर तर्री. सरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिखटाचं होतं की आणखी कशाचं, हे त्या वेळी विचारायची गरज नव्हती. पेटीवाले काका त्यांना कांदा फोडून देत होते.

सोमवारी मी निळ्याखाली चार नाही, दोनच ओळी लिहिल्या. ‘हा निळा आमच्या घरातला नाही. ज्यांचा आहे त्यांच्याजवळ बसून ऐकला.’ सरांनी वाचलं, अक्षर न बदलता छापायला दिलं. कॅसेट विकणाऱ्या माणसाने म्हणे विचारलं होतं की ही छपाईची चूक आहे का. सरांनी त्याला सांगितलं, नाही, ही बी. ए. आहे.

आता ती धून मोबाइलवर मिळते. खराडीच्या ऑफिसातून माझ्या भाचीने मला ती पाठवली, खाली देशोदेशीच्या लोकांनी लिहिलंय की झोप छान लागते. कागद नाही, ओळी नाहीत, माझं नाव नाही. भाचीला वाईट वाटलं. मला तेवढं वाटलं नाही, कारण मला जे मिळायचं ते त्या कागदातून नाही, त्याच्या पुढच्या गोष्टीतून मिळालं.

छापलेला कागद मी घरी आणला त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि दिव्याखाली बसून शब्दांखालून बोट फिरवत सगळा कागद मोठ्याने वाचला. पिवळा, हिरवा, तपकिरी, काळा, सगळे. शेवटी माझं नाव. ते त्यांनी दोनदा वाचलं, डिग्रीसकट. आईने चूल सोडून पदराला हात पुसत येऊन नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाट बघत होते की आता उठतील, सदरा चढवतील आणि गल्लीत जातील. पण बाबांचं बोट पुन्हा वर गेलं, निळ्यापाशी थांबलं.

“हा सायबाचा झाला,” ते म्हणाले. “मंग आपला कोठी हाये?”

मी म्हटलं, आपला या कॅसेटमध्ये नाही. गिटारवर तो अजून कोणी वाजवलेलाच नाही. वाजवेल कोणीतरी.

बाबांनी चष्मा काढला. “कोणीतरी?” म्हणाले. “मंग तू शिकली काहाले?”

बी. ए. मराठीचा गिटारशी काय संबंध, असं मी त्यांना म्हणू शकले असते. म्हटलं नाही. संबंध त्यांना दिसत होता आणि मला दिसत नव्हता, आणि असं त्या आठवड्यात दुसऱ्यांदा होत होतं. दुसऱ्या दिवशी मी नारायण पेठेत गेले. काम संपलेलं होतं, पगारही घेतलेला होता, माझं तिथे काही कारण नव्हतं. सर भिंतीवरच्या गोधड्या उतरवून घड्या घालत होते. मी दारातच उभी राहून म्हटलं, मला वाजवायला शिकवा.

सरांनी गोधडी खाली ठेवली नाही, चेहराही बदलला नाही. माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “उद्या सकाळी. डाव्या हाताची नखं कापून या.”